बर्बेरिनचा पिवळा रंग घालवणं आणि परत आणणं

वनस्पतीतल्या अल्कलॉइडांचं, म्हणजे नायट्रोजन असलेल्या संयुगांचं, रिडक्शन (इलेक्ट्रॉन घेणं) आणि ऑक्सिडेशन (इलेक्ट्रॉन सोडणं) हाताने करून बघायचं असेल तर दारुहळदीतल्या बर्बेरिनसारखं दुसरं सोयीचं काही नाही. ते कुठल्या अवस्थेत आहे हे नुसत्या डोळ्यांनी कळतं. मूळ बर्बेरिन पिवळंधमक. त्याने दोन इलेक्ट्रॉन घेतले की हिरवट पिवळं डायहायड्रोबर्बेरिन, चार घेतले की जवळजवळ पांढरं टेट्राहायड्रोबर्बेरिन. उलट दिशेने निघालं की हेच रंग उलट क्रमाने परत येतात. पण रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याच्या हवेत हा प्रयोग लावला की त्यात पुस्तकात न लिहिलेली दोन रसायनं शिरतात: पाणी आणि ऑक्सिजन. रिडक्शन होतंच, त्यात फारसं कौशल्य नाही. ते झालेलं टिकवणं आणि किती झालं ते खरं मोजणं, हे अवघड.

कच्च्या मालापासून सुरुवात करतो, कारण पुढचे निम्मे घोटाळे इथेच जन्माला येतात. काष्ठौषधींच्या दुकानात दारुहळद मागितली की जे लाकूड मिळतं ते नेहमी हिमालयातल्या बर्बेरिसचं असतंच असं नाही. दक्षिण सह्याद्रीतल्या कॉसिनियम नावाच्या वेलीचं खोडही त्याच नावाने विकलं जातं. दोन्ही आतून पिवळी, दोन्हींत बर्बेरिन. पण कॉसिनियममध्ये पाल्माटिन आणि जॅट्रोराइझिन ही दुसरी अल्कलॉइडंही बरोबर येतात. तीही रिड्यूस होतात आणि मग हातात शुद्ध पदार्थाऐवजी मिश्रण उरतं, वितळण्याचा आकडा पसरतो. आडवा काप घेऊन भिंगाखाली बघितला की वेलीच्या खोडात मोठी छिद्रं आणि मधून कडेकडे जाणाऱ्या रुंद रेषा स्पष्ट दिसतात. शंका असेल तर आधी थोडा अर्क काढून पातळ थराची क्रोमॅटोग्राफी करावी, म्हणजे टीएलसी. द्रावक पट्टीवर चढत जातो तसे मिश्रणातले घटक वेगवेगळ्या ठिपक्यांत सुटतात. त्यासाठी ब्यूटेनॉल, ॲसिटिक आम्ल आणि पाणी ७:१:२ या प्रमाणात घेतलं की पुरे.

खोडाच्या लाकडात बर्बेरिन साधारण १ ते २ टक्के धरावं, मुळाच्या सालीत त्याहून जास्त. १०० ग्रॅम भरड भुकटी घ्यायची. वस्त्रगाळ पूड करू नये, ती फडक्यात बसून राहते आणि अर्क खाली येत नाही. १ लिटर पाण्यात ३ मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून त्यात ती २४ तास भिजवायची, गाळायची, चोथा पुन्हा अर्ध्या लिटरात तसाच भिजवायचा. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही, हे लिहायला नको, तरी लिहितो.

आता पाणी. किनाऱ्याजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. त्या पाण्यात मीठ असतं आणि बर्बेरिनचं क्लोराइड थंड पाण्यात फार कमी विरघळतं, सुमारे ५०० भागांत १ भाग. पाण्यात आधीच क्लोराइड असेल तर ते आणखी कमी होतं. म्हणजे खाऱ्या पाण्यात भिजवलेल्या भुकटीतलं बर्बेरिन पाण्यात उतरायच्या ऐवजी चोथ्यातच बसून राहतं, आणि आपण उतारा कमी आला म्हणून दुकानदाराला बोल लावतो. जांभ्यातून आलेल्या बोअरच्या पाण्याची तऱ्हा वेगळी. त्यात लोह असेल तर लाकडातल्या टॅनिनशी जुळून अर्क शाईसारखा काळपट होतो. दोन्हींवर उपाय एकच, ऊर्ध्वपातित पाणी. ते नसेल तर निदान सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकून बघावा. पाणी दुधाळ झालं तर ते भांडी धुवायला ठेवावं.

दोन्ही अर्क एकत्र करून त्यात कळीच्या चुन्याची ताजी चुनवणी ढवळत घालायची, पीएच ११ ते १२ येईपर्यंत. टॅनिन, चिकट द्रव्यं आणि जादा सल्फेट गाळात जातात. बर्बेरिन मात्र वर राहतं. हे चतुर्थक अल्कलॉइड आहे, नायट्रोजनवर कायमचा धनभार आहे, त्यामुळे साध्या अल्कलॉइडांसारखं ते अल्कलीत साका होऊन खाली बसत नाही. अर्धा तास थांबून लगेच गाळून घ्यायचं. रात्रभर चुन्यात ठेवू नये. तीव्र अल्कलीत बर्बेरिनच्या आठव्या कार्बनवर हायड्रॉक्सिल चिकटतो, आणि त्यापुढे, विशेषतः उष्णता मिळाली तर, एक रेणू दुसऱ्याला ऑक्सिडाइज करतो: एकाचं ऑक्सिबर्बेरिन होतं, दुसऱ्याचं डायहायड्रोबर्बेरिन. आपण अजून रिडक्शन सुरूही केलेलं नसतं आणि भांड्यात ते आपलं आपण चालू झालेलं असतं.

याच टप्प्यावर दोन द्रावकांना भांड्याजवळ फिरकू देऊ नये. ॲसिटोनने धुतलेलं आणि नीट न वाळलेलं भांडं वापरलं तर अल्कलीत बर्बेरिन ॲसिटोनशी जोडून घेतं आणि पिवळे बारीक स्फटिक पडतात. नवखा माणूस खूश होतो. ते बर्बेरिन-ॲसिटोन असतं, क्लोराइड नव्हे. क्लोरोफॉर्मचंही तसंच, अल्कलीत तो आठव्या कार्बनवर जाऊन बसतो. ‘अल्कलॉइड आहे, अल्कली करा आणि क्लोरोफॉर्मने ओढून घ्या’ ही सवयीची रीत इथे आंधळेपणाने लावली की वेगळाच पदार्थ हातात येतो.

गाळलेल्या द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल घालून पीएच २ वर आणायचा आणि दर १०० मिलीला ८ ते १० ग्रॅम मीठ विरघळवायचं. शिरोड्याकडचं खडे मीठ चालतं, फक्त ते आधी वेगळ्या पाण्यात विरघळवून गाळून घ्यावं. माती आणि वाळू स्फटिकांत गेली की नंतर निघत नाही. रात्रभर थंड जागी ठेवलं की तळाशी पिवळा साका बसतो. तो गाळून बर्फासारख्या थंड पाण्याने थोडका धुवायचा, मग सुमारे ३० पट उकळत्या पाण्यात विरघळवून, गरम असतानाच गाळून, हायड्रोक्लोरिकचे दोन थेंब टाकून हळू निवू द्यायचा. नरसाळं गरम केलेलं नसेल तर सुया गाळणकागदावरच उगवतात. सुया लांब, रेशमी, पिवळ्या मिळाल्या की काम झालं. ओट्यावर सांडलेलं तेव्हाच पुसावं. बर्बेरिन हा मुळात रंगच आहे, हातरुमालाला लागला तर तो रुमाल पिवळा झाला असं समजावं.

इथून पुढे सगळा हिशोब वजनावर चालतो, आणि किनाऱ्यावर वजनच फसवं. निर्जल बर्बेरिन क्लोराइडचा रेणुभार ३७१.८. दोन रेणू पाणी धरलेल्याचा ४०७.८. पावसाळ्यातल्या दमट हवेत उघडं राहिलं तर ते चार रेणू पाणी धरतं, तेव्हा ४४३.९. म्हणजे काचेवर १ ग्रॅम मोजलं तर त्यातले जुलैत १६ टक्के नुसतं पाणी असू शकतं, आणि आपण रिडक्शनचा उतारा कमी आला म्हणून पद्धतीला दोष देत बसतो. आम्ही थोडा नमुना १०५ अंशांवर स्थिर वजन येईपर्यंत तापवून किती टक्के पाणी गेलं ते आधी काढतो आणि त्या हिशोबाने उरलेला न तापवलेला माल वजन करून घेतो. सगळा माल तापवून निर्जल करायचा खटाटोप व्यर्थ आहे. तराजूच्या पाटीवर ठेवल्याठेवल्या आकडा चढू लागतो.

दुसरी मोजायची गोष्ट सोडियम बोरोहायड्राइड, म्हणजे बर्बेरिनला इलेक्ट्रॉन देणारा पदार्थ. ही पांढरी पूड ओलावा ओढून दगड होते आणि हळूहळू हायड्रोजन सोडत निकामी होते. बाटलीवरची ‘९७ टक्के’ ही अक्षरं ज्या दिवशी ती उघडली त्या दिवसापुरती खरी. तिची परीक्षा सोपी आहे. ५० मिलीचा ब्युरेट सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने भरून त्याच आम्लाच्या मोठ्या बीकरमध्ये उलटा धरायचा, तोंडाखाली छोटं नरसाळं उपडं लावायचं. आधीची पातळी लिहून घ्यायची. १५ मिलिग्रॅम पूड टिश्यूपेपरच्या पुडीत बांधून वाकवलेल्या तारेने नरसाळ्याखाली सारायची. एक रेणू बोरोहायड्राइडमागे चार रेणू हायड्रोजन निघतो. २७-२८ अंशांवर, पाण्याची वाफ धरून, शुद्ध पुडीने सुमारे ४० मिली वायू जमायला हवा. ३० मिली जमला तर पूड बारा आणेच खरी, त्या मानाने जादा घ्यायची. २० च्या खाली आला तर बाटली बाद. जवळ ज्योत नको, खिडक्या उघड्या हव्यात.

मुख्य रिडक्शन असं. दोन पाणी धरलेलं बर्बेरिन क्लोराइड १ ग्रॅम, म्हणजे २.४५ मिलिमोल (मोल हे रेणूंची संख्या मोजायचं एकक), १०० मिलीच्या शंकूपात्रात ४० मिली मिथेनॉलमध्ये. सगळं विरघळत नाही, थोडं तळाशी राहिलं तरी चालतं, रिडक्शन होत जाईल तसं ते आपोआप ओढलं जातं. पात्र बर्फात बसवायचं. बर्फाची अडचण किनाऱ्यावर कुणाला नसते, मिरकरवाड्यासारख्या कुठल्याही बंदरावर मासळीसाठीचा चुरा बर्फ पोत्याने मिळतो. चुंबकी ढवळणी चालू करून शंभर टक्के धरलेलं बोरोहायड्राइड ०.२८ ग्रॅम, म्हणजे तिप्पट मोल, आठ-दहा चिमट्यांत विभागून दर दोन-तीन मिनिटांनी एक चिमूट टाकायची. प्रत्येक चिमटीला फेस येतो, तो बसू द्यायचा.

बर्फ कशासाठी? बर्बेरिनला थंडी लागते म्हणून नव्हे. बोरोहायड्राइड मिथेनॉलशीही लागतं आणि हायड्रोजन सोडून वाया जातं. मे महिन्यात ३३-३४ अंशांच्या खोलीत ही उधळपट्टी इतकी जोरात होते की शेवटच्या चिमटीपर्यंत निम्मी पूड हवेत गेलेली असते आणि पात्रात अजून पिवळं उरलेलं असतं.

आता रंगाकडे लक्ष ठेवायचं. पहिल्या दोन-तीन चिमट्यांत गडद नारिंगी पिवळा उतरून लिंबाच्या सालीसारखा हिरवट होतो. हे डायहायड्रो. हायड्राइड, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन घेऊन आलेला हायड्रोजन, पहिल्यांदा आठव्या कार्बनवर जातो, कारण धनभारित नायट्रोजनशेजारची ती जागा हायड्राइडला सगळ्यात मोकळी. त्यातून एनामिन तयार होतं, म्हणजे नायट्रोजनशेजारी दुहेरी बंध. एनामिनवर दुसरा हायड्राइड थेट जात नाही. आधी त्याला तेराव्या कार्बनवर एक प्रोटॉन घ्यावा लागतो, तेव्हा पुन्हा धनभारित इमिनियम होतं आणि मग दुसरा हायड्राइड चौदाव्या कार्बनवर बसतो. हा प्रोटॉन मिथेनॉल देतं. म्हणून द्रावक मिथेनॉल घेतला की बर्बेरिनला चारही इलेक्ट्रॉन मिळतात आणि पिरिडिनसारखा प्रोटॉन न देणारा घेतला की गाडी दोनवरच थांबते. अभिकारक तोच, निव्वळ द्रावक बदलून पदार्थ बदलतो. अभिकारकांची नावं पाठ करून घेण्यात वर्ष घालवण्यापेक्षा एवढी एक जोडी शेजारी शेजारी लावून दाखवली तर मुलांना जास्त समजतं, असं माझं मत.

पुढच्या चिमट्यांत हिरवट छटा जाते आणि पांढुरका साका दिसू लागतो. सगळं टाकून झालं की बर्फ काढून तासभर ढवळत ठेवायचं. काचदांडीने एक थेंब गाळणकागदावर घेऊन ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली धरावा. बर्बेरिन उरलं असेल तर थेंब पिवळा चमकतो, नुसत्या डोळ्याला पात्र फिकट दिसत असलं तरी. कधी कधी हिरवट रंग शेवटी अडून बसतो. बोरोहायड्राइड खर्ची पडत जातं तसं द्रावण अल्कलीकडे झुकतं, एनामिनला प्रोटॉन मिळेनासा होतो. मग आणखी पूड ओतून उपयोग नसतो. ॲसिटिक आम्लाचे दोन-तीन थेंब, पाठोपाठ एक छोटी चिमूट, एवढ्याने ते सुटतं.

लाईट गेली तर काय करायचं हे आधीच ठरलेलं असावं. ढवळणी थांबते, पूड तळाशी जमून बसते, वर शांत दिसतं. दहा मिनिटांनी लाईट येते, ढवळणी पूर्ण वेगाने सुरू होते आणि साठलेलं सगळं एकदम लागतं. पात्र उतू जातं, मिथेनॉलसकट. म्हणून लाईट जाताच ढवळणीचं बटण बंद करायचं, पूड टाकणं थांबवायचं आणि काचदांडीने हाताने ढवळत राहायचं. पात्राला घट्ट बूच कधीही नाही. कापसाचा सैल बोळा पुरे.

उरलेलं बोरोहायड्राइड मारायला बऱ्याच ठिकाणी ॲसिटोन ओततात. इथे नको, कारण द्रावण अल्कलीत आहे आणि बर्बेरिन थोडं जरी उरलं असेल तरी वर सांगितलेलं ॲसिटोनचं संयुग पांढऱ्या मालात मिसळतं. १० टक्के ॲसिटिक आम्ल थेंब थेंब, फेस थांबेपर्यंत, मग अमोनियाने पुन्हा पीएच ९. त्यात ४० मिली थंड पाणी घालून साका गाळायचा आणि बोरेट जाईपर्यंत पाण्याने धुवायचा. उकळत्या इथेनॉलमध्ये जेमतेम विरघळेल एवढ्यातच विरघळवून पुन्हा स्फटिक पाडायचे. पूर्ण उतारा, म्हणजे हिशोबाने जास्तीत जास्त येऊ शकणारा, ०.८३ ग्रॅम, हाती ०.६० ते ०.७० आला तर चांगला.

वितळण्याचा आकडा १७० ते १७४ अंशांच्या दरम्यान मिळतो. जुन्या पुस्तकात कॅनाडिन, म्हणजे हेच टेट्राहायड्रोबर्बेरिन, शोधलं तर सुमारे १३४ सापडतो आणि गोंधळ उडतो. दोन्ही आकडे बरोबर आहेत. १३४ हा वनस्पतीतून मिळणाऱ्या, एकाच हाताच्या, म्हणजे आरशातल्या प्रतिमेसारख्या दोन रूपांपैकी एकाच रूपातल्या कॅनाडिनचा. आपण काचेत हायड्राइड टाकतो तो चौदाव्या कार्बनवर दोन्ही बाजूंनी सारखाच जातो, त्यामुळे डावं-उजवं निम्मं निम्मं असलेलं मिश्रण मिळतं आणि ते स्फटिकात वेगळ्या पद्धतीने, जास्त घट्ट बसतं. गंमत म्हणजे वनस्पती नेमकी उलट वाट चालते. तिच्यात आधी डावं कॅनाडिन बनतं आणि मग एक ऑक्सिडेज विकर हवेतला ऑक्सिजन वापरून त्याचे चार इलेक्ट्रॉन काढून बर्बेरिन करतं, जोडीला हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतं.

विकर नसतानाही हवा तेच काम करते, फक्त संथपणे. टीएलसीच्या पट्टीवर टेट्राहायड्रोचा ठिपका लावून, हेक्झेन आणि इथाइल ॲसिटेट ७:३ मध्ये चढवून, पट्टी खिडकीशी ठेवून द्यावी. लगेच बघितलं तर २५४ च्या दिव्याखाली काळसर ठिपका, उजेडात काहीच नाही. काही वेळाने त्याच जागी फिकट पिवळी कडा उमटते, मग सगळा ठिपका पिवळा होतो आणि ३६५ खाली चमकू लागतो. सिलिकाचा पृष्ठभाग, उजेड आणि हवा या तिघांनी मिळून चार इलेक्ट्रॉन काढून घेतलेले असतात. पट्टी पुन्हा त्याच द्रावकात चढवली तर चढून गेलेला ठिपका आता जागचा हलत नाही, कारण तो बर्बेरिन झाला. म्हणून ‘माल अशुद्ध आहे’ असा निकाल जुनी पट्टी बघून देऊ नये. पावसाळ्यात पट्ट्या ११० अंशांवर अर्धा तास तापवून घेतल्याशिवाय वापरूही नयेत, ओल्या सिलिकावर सगळेच ठिपके वर पळतात.

माल तपकिरी बाटलीत, गळ्यापर्यंत भरून, निळ्या सिलिकाच्या डेसिकेटरात, म्हणजे ओलावा शोषणारं द्रव्य ठेवलेल्या बंद भांड्यात. कॅल्शियम क्लोराइड ठेवलं तर जूनच्या पंधरवड्यात त्याचं तळं होतं.

मुद्दाम डायहायड्रोच हवं असेल तर वरच्या अल्कलीच्या अडथळ्याचा फायदा घ्यायचा. १ ग्रॅम बर्बेरिन क्लोराइड, १ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट, २५ मिली मिथेनॉल. बोरोहायड्राइड ०.१० ग्रॅम, ५ टक्के सोडियम हायड्रॉक्साइडच्या अडीच-तीन मिलीत विरघळवून, थंडीत थेंब थेंब. दोन तास ढवळून हिरवट पिवळा साका गाळायचा आणि सौम्य इथेनॉलने धुवायचा. हा पदार्थ टेट्राहायड्रोपेक्षा खूपच नाजूक. आम्ल लागलं की त्याचे दोन रेणू आपसांत देवाणघेवाण करतात, एक बर्बेरिन होतो, दुसरा टेट्राहायड्रो. सिलिका किंचित आम्लधर्मी असल्याने टीएलसीवर कधी कधी तीन ठिपके दिसतात आणि त्यातले दोन पट्टीवरच जन्मलेले असतात. द्रावकात अमोनियाचा किंवा ट्रायइथाइलअमीनचा एखादा थेंब टाकून पुन्हा बघावं.

भर पावसाळ्यात मात्र आम्ही बोरोहायड्राइडच्या नादी लागत नाही. जस्ताची जुनी पद्धत तेव्हा जास्त भरवशाची, कारण तिला पाणी चालतं. जस्ताची भुकटी २ टक्के हायड्रोक्लोरिकने, मग पाण्याने, मग इथेनॉलने धुवून घ्यायची, वरचा ऑक्साइडचा थर गेल्याशिवाय ती काम करत नाही. १ ग्रॅम बर्बेरिन क्लोराइड, २० मिली ॲसिटिक आम्ल, २० मिली १० टक्के सल्फ्युरिक आम्ल, आणि पाण्याच्या वाफेवर तापवत २ ते ३ ग्रॅम जस्त थोडं थोडं. रंग जाईपर्यंत तापवायचं. गरम असतानाच जस्तावरून ओतून घ्यायचं आणि थंड करून अमोनिया घालायचा. इथे हात आखडता घेऊ नये. आधी पांढरं झिंक हायड्रॉक्साइड पडतं, अमोनिया पुरेसा झाला की ते परत विरघळतं आणि टेट्राहायड्रो मागे राहतं. अर्ध्यावर थांबलं की उतारा शंभर टक्क्यांच्या वर येतो. असा उतारा वहीत लिहिलेला दिसला की समजावं, वजनात जस्त आहे. गाळणकागदावर राहिलेलं वापरलेलं जस्त सुकू द्यायचं नाही. ते तापून कचऱ्याचा डबा पेटवू शकतं, पाण्याखालीच ठेवायचं.

आता परतीची वाट. हवेवर सोडलं तर वाट बघत बसावं लागेल, म्हणून आयोडीन. टेट्राहायड्रो ०.३४ ग्रॅम, म्हणजे १ मिलिमोल, १५ मिली गरम इथेनॉलमध्ये. त्यात निर्जल सोडियम ॲसिटेट ०.३३ ग्रॅम. आयोडीन ०.५१ ग्रॅम, २ मिलिमोल, १० मिली इथेनॉलमध्ये विरघळवून उकळत्या द्रावणात टप्प्याटप्प्याने. प्रत्येक वेळी आयोडीनचा तपकिरी रंग ओसरू द्यायचा. तास-दीड तासात नारिंगी पिवळ्या सुया पडू लागतात, ते बर्बेरिन आयोडाइड. पूर्ण उतारा ०.४६ ग्रॅम.

ॲसिटेट घातलंच नाही तर काय होतं ते करून बघण्यासारखं आहे. एका रेणूमागे हायड्रोजन आयोडाइडचे तीन रेणू सुटतात. ते उरलेल्या टेट्राहायड्रोच्या नायट्रोजनला प्रोटॉन देऊन त्याचं मीठ करतात. नायट्रोजनचे मोकळे इलेक्ट्रॉन अडकले की आयोडीनला पकडायला जागाच राहत नाही, आणि निम्म्यावर सगळं थबकतं. ॲसिटेटऐवजी सोडियम हायड्रॉक्साइड घालायचं सुचेल, पण इथेनॉल, आयोडीन आणि तीव्र अल्कली एकत्र आले की आयोडोफॉर्म होतो, त्याचा दवाखान्यासारखा वास खोलीभर पसरतो आणि आयोडीन फुकट जातं. आयोडीन निम्मं, म्हणजे १ मिलिमोल घेतलं तर सगळं डायहायड्रोवर थांबेल असाही समज असतो. तसं होत नाही. डायहायड्रो टेट्राहायड्रोपेक्षा सहज ऑक्सिडाइज होतं, त्यामुळे जे तयार होतं तेच पुढे जातं, आणि शेवटी थोडं बर्बेरिन नि थोडं तसंच राहिलेलं टेट्राहायड्रो मिळतं.

आयोडीन जास्त झालं तर सुया काळपट तपकिरी येतात, पेरआयोडाइड बनलेलं असतं. ५ टक्के सोडियम थायोसल्फेटने धुतल्या की खालचा नारिंगी रंग उघडा पडतो. आयोडीन बूच असलेल्या बाटलीतच वजन करायचं. उन्हाळ्यात ते उघड्यावर डोळ्यांदेखत उडतं आणि तराजूचे धातूचे भाग खातं. खाऱ्या हवेने ते आधीच अर्धे खाल्लेले असतात. क्लोराइड परत हवं असेल तर ताजं पाडलेलं सिल्व्हर क्लोराइड, मिथेनॉल आणि आयोडाइड अंधारात हलवत ठेवायचं. फिकट पिवळं सिल्व्हर आयोडाइड खाली राहतं, बर्बेरिन क्लोराइड द्रावणात येतं.

पोटॅशियम परमँगनेटचा मोह आवरावा. तो बर्बेरिनचे इलेक्ट्रॉन काढून थांबत नाही, सांगाडाच फोडतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी धाकट्या पर्किनने (विल्यम हेन्री पर्किन ज्युनियर या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने) याच फोडाफोडीतून मिळालेल्या हेमिपिनिक आम्लासारख्या तुकड्यांवरून बर्बेरिनची रचना जुळवायला घेतली होती. रचना शोधायला ते योग्यच होतं. परतीच्या वाटेला नाही.

सर्पगंधेवर काम करणाऱ्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. त्यातल्या रिसर्पिन या अल्कलॉइडलाही उजेड आणि हवा लागली की हायड्रोजन निघून जातात आणि पिवळं, हिरवट चमकणारं डायडिहायड्रो रूप तयार होतं. सोडियम नायट्राइटने मुद्दाम तसाच पिवळा रंग आणून रिसर्पिन मोजायची रीतही आहे. म्हणून रिसर्पिनचं द्रावण करून दुपारभर टेबलावर ठेवून संध्याकाळी मोजू नये.

राहिला टाकाऊ माल. जांभा सच्छिद्र आहे, शोषखड्ड्यात ओतलेलं थोड्या दिवसांत शेजारच्या विहिरीत पोचतं. बोरेटचं पाणी झाडांच्या बुंध्याशी ओतू नये, जास्त बोरॉनने पानांच्या कडा जळतात. ते आणि जस्ताचं पाणी वेगवेगळ्या कॅनमध्ये साठवून धोकादायक कचरा नेणाऱ्यांकडे द्यायचं. बोरोहायड्राइड पूर्ण मेल्याची खात्री होईपर्यंत कॅनचं झाकण आवळायचं नाही. आयोडीनचे धुवण थायोसल्फेट घालून रंगहीन करायचे. मिथेनॉल आणि इथेनॉल स्वतंत्र बाटल्यांत, नाव आणि तारीख लिहून, आणि चांदीचा गाळ वेगळा. तो परत वापरता येतो, फेकायचा नसतो.